‘इथे का आलात?’ हा प्रश्न आधी विचारू नका

प्रश्न: मी मूळची सांगलीची, सध्या लेस्टरमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. माझ्याबरोबर झिम्बाब्वेच्या सात-आठ जणी काम करतात, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेल्या. गेल्या वर्षी त्यांतली एक वारली. अंत्यविधीच्या वेळी तिच्या मुलांना आईचं गाव नकाशावर दाखवता येईना. तेव्हापासून त्यांच्या चर्चमधल्या बायका म्हणतात की आमच्या आठवणी कुठेतरी नोंदवून ठेवायला हव्यात, तू मदत कर. मला त्यांची शोना भाषा येत नाही. फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का? काय विचारायचं? आणि हे सगळं ठेवायचं कुठे?

उत्तर:

ताई, फोन चालेल, त्याचं पुढे सांगते. आधी प्रश्नांचं बोलू, कारण माझी पहिली पाच-सहा रेकॉर्डिंग प्रश्नांमुळेच वाया गेली.

मी बावीस वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात स्थलांतरितांच्या तोंडी आठवणी नोंदवण्याचं काम करते. युगांडाहून आलेले गुजराती, ओतकामाच्या कारखान्यांतले पंजाबी, कॅरिबियन नर्सेस असं करत करत मी झिम्बाब्वेच्या मंडळींपर्यंत पोचले आणि सवयीने पहिला प्रश्न तोच विचारला: तुम्ही इथे कधी आलात, का आलात? समोरच्या बाई एकदम ताठ बसल्या. त्यांनी तारीख सांगितली, विमानतळ सांगितला, नवऱ्याला कोणत्या महिन्यात कुणी मारहाण केली तेही सांगितलं. वीस मिनिटांत सगळं संपलं. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पट्टीत. मग त्यांनी विचारलं, “एवढं पुरेल ना?” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या बाईंनी हीच गोष्ट आधी एकदा सांगितलेली आहे, टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला, समोर यंत्र चालू असताना.

२००० साली तिथे गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनींचे ताबे आणि निवडणुकीतली मारहाण सुरू झाली, तेव्हा झिम्बाब्वेच्या माणसाला ब्रिटनला यायला आधी व्हिसा काढावा लागत नसे. ती सक्ती नोव्हेंबर २००२ मध्ये आली. मधल्या काळात ज्यांना तिकिटाचे पैसे जमवता आले ते निघाले. २००१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये झिम्बाब्वेत जन्मलेले सुमारे ५० हजार लोक होते. २०११ मध्ये एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये ते १ लाख १८ हजारांवर गेले. त्यांतले कितीतरी नर्स किंवा शिक्षक म्हणून रीतसर कामाच्या परवान्यावर आले, काही शिकायला आले. पण ज्यांनी आश्रय मागितला त्यांच्या आयुष्याची गोष्ट हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकत होता. पहिल्या मुलाखतीत पाच भावंडं सांगितली आणि दुसरीत नऊ, तर ‘विसंगती’. शोना घरात काकांची मुलं ही भावंडंच असतात, तिथे पाच आणि नऊ दोन्ही खरं, हे कागदावर कुठे लिहायचं? म्हणून या माणसांनी आपली गोष्ट कापूनछाटून, तारखा लावून पाठ केली. वर्षानुवर्षं, निकाल लागेपर्यंत. तुम्ही तोच प्रश्न विचारलात तर तुम्हाला त्याच फाइलची नक्कल मिळेल. तुमच्या मैत्रिणींच्या मुलांना हवी आहे ती त्या फाइलमध्ये न मावलेली गोष्ट.

म्हणून प्रवासाचा प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीपर्यंत राहू द्या. बहुतेक वेळा तो विचारावाच लागत नाही, बोलता बोलता त्या स्वतःच तिथे येतात.

सुरुवात नमस्कारापासून करा. सकाळी शोनात विचारतात, “मांग्वानानी, मारारा हेरे?”, म्हणजे नीट झोप झाली का? याचं उत्तर असतं, “न्दारारा काना मारारावो.” तुमची झाली असेल तर माझीही झाली. एवढी दोन वाक्यं पाठ करून जा. ती म्हणताना टाळी वाजवतात, पुरुष तळवे सपाट जुळवून आणि बायका हाताची ओंजळ करून, आणि दोन्हींचा आवाज वेगळा येतो. वडीलधाऱ्यांसमोर टाळीशिवायचा नमस्कार कोरडा वाटतो.

मग ‘मुतुपो’ विचारा. आपल्याकडे देवक असतं ना, लग्नात मांडवाला बांधतात ते, कुणाचं कदंब, कुणाचं मोरपीस, कुणाचा पंचपल्लव? तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला समजवायला नको. मुतुपो म्हणजे जवळजवळ तेच: शुंबा म्हणजे सिंह, सोको म्हणजे माकड, न्झोऊ म्हणजे हत्ती, म्होफू म्हणजे इलंड हरीण, मोयो म्हणजे हृदय. ज्याचं जे मुतुपो त्याचं मांस तो खात नाही. एकाच मुतुपोत लग्न होत नाही, आणि झालंच तर नातं ‘कापण्या’साठी गाय द्यावी लागते, त्याला ‘चेका उकामा’ म्हणतात. मुतुपो बापाकडून येतं आणि लग्न झाल्यावर बाईचं बदलत नाही. त्याच्या आत आणखी एक नाव असतं, चिदावो, त्यावरून नेमकी शाखा कळते. इथे जन्मलेल्या मुलांना ‘आम्ही लायन’ एवढं माहीत असतं. चिदावो विचारला की ती आईकडे बघतात.

या नावांभोवती ‘देतेम्बो’ नावाची स्तुती असते. कुणी काही दिलं, कुणी चांगलं काम केलं, तर नुसतं ‘थँक यू’ म्हणत नाहीत, त्याच्या मुतुपोने आभार मानतात: “माइता शुंबा.” सोकोवाल्याला ‘माक्विरामिती’ म्हणतात, झाडांवर चढणारे. पूर्ण देतेम्बो सुरू झालं की पूर्वज कुठून आले, कुठला डोंगर, कुठली नदी, कुणाची कबर कुठे, असं एकेक त्यात येत जातं. एका आजोबांकडे मी दोन तास गावाबद्दल विचारत होते आणि ते हो-नाही करत होते. शेवटी त्यांच्या सुनेने जेवणाची ताटं आवरताना सहज देतेम्बोची पहिली ओळ म्हटली. आजोबा खुर्चीत सावरून बसले, डोळे मिटले आणि साडेचार मिनिटं न थांबता म्हणत राहिले. त्यातल्या सात जागांची नावं आम्ही नंतर त्यांच्याकडून समजून घेतली आणि नकाशावर लावली. माझ्या सगळ्या प्रश्नांनी जे आलं नव्हतं ते त्या साडेचार मिनिटांत आलं.

मात्र एक सांभाळा. यांतल्या बऱ्याच जणी पेंटेकोस्टल चर्चमध्ये जातात आणि पूर्वजांना हाक मारणं त्यांना पटत नाही. त्यांना देतेम्बोचा आग्रह करू नका. त्यांच्याकडे स्तोत्रं असतात, चर्चमधल्या साक्षी असतात. मेथडिस्ट बायकांचं रुवाद्झानो मंडळ असतं. लाल ब्लाऊज, पांढरी टोपी, काळा स्कर्ट हा त्यांचा पोशाख. तो पोशाख पहिल्यांदा अंगावर घातला त्या दिवसाबद्दल विचारा. मी विचारलं तेव्हा एकीने शिवणाऱ्या बाईपासून गावातल्या गुरुवारच्या सभेपर्यंत सगळं सांगितलं.

नात्यांच्या शब्दांना तर हातच लावू नका. तेते म्हणजे आत्या. मायगुरू म्हणजे आईची थोरली बहीण, किंवा थोरल्या काकांची बायको. त्याच नात्यातली धाकटी ती मायनिनी. सेकुरू म्हणजे आजोबा, आणि मामासुद्धा. अंबुया म्हणजे आजी, आणि सासूसुद्धा. इंग्रजीत उतरवताना हे सगळं ‘आंटी’ आणि ‘अंकल’ होऊन जातं आणि वीस वर्षांनी नातवाला कळत नाही की आजीला शाळेत कुणी घातलं, मामाने की आजोबांनी. मूळ शब्द तसाच ठेवा आणि पुढे एका ओळीत नातं लिहा. तेतेचं स्थान आपल्या आत्याबाईपेक्षाही मोठं असतं. भाचीचं लग्न तिच्याशिवाय ठरत नाही, आणि आईशी जे बोलता येत नाही ते पोरी तिच्याशी बोलतात.

तुम्हाला शोना येत नाही म्हणता, पण उच्चारात तुम्ही इंग्रज माणसाच्या खूप पुढे आहात. त्यांचे स्वर पाच, साधे, आणि प्रत्येक अक्षर उच्चारलं जातं. शोनातला ‘म्ह’ आणि ‘न्ह’ इंग्रजांना अजिबात जमत नाही. आपण म्हैस आणि न्हाणं लहानपणापासून म्हणतो. म्हुरी म्हणजे कुटुंब, न्हाका म्हणजे वारसा. ‘सद्झा’ हे त्यांचं मक्याच्या पिठाचं रोजचं अन्न, त्यातला ‘द्झ’ म्हणजे आपल्या ‘जवळ’मधला ज. गोष्टीतला ससा ‘त्सुरो’, त्यातला ‘त्स’ म्हणजे ‘चमचा’तला च. मी गावांची आणि माणसांची नावं पहिल्यांदा देवनागरीतच टिपते, नंतर त्यांच्याकडून रोमन स्पेलिंग लिहून घेते. मात्र शोनात अक्षराच्या चढ-उताराने अर्थ बदलतो आणि तो स्पेलिंगमध्ये दिसत नाही, म्हणून आवाज हीच मूळ प्रत समजा.

आणि मुलाखत त्यांच्याच भाषेत होऊ द्या. शेजारी भाची किंवा चर्चमधली एखादी तरुण मुलगी बसवा, प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही यंत्र सांभाळा आणि ऐका. इंग्रजीत सांगितलेलं बालपण आणि शोनात सांगितलेलं बालपण यांत फार फरक पडतो. हे मी एकाच बाईंची दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकलं आहे. इंग्रजीत त्या म्हणाल्या, आम्ही गरीब होतो. शोनात त्यांनी सांगितलं की शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी कोणत्या दिवशी व्हायची आणि मडक्याच्या तळाचं खरवडून कुणी खायचं यावरून कशी भांडणं व्हायची.

आता माझ्या हातून झालेली मोठी चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. मी ‘झिम्बाब्वेचे लोक’ हा एकच गठ्ठा धरला होता. २०१३ च्या त्यांच्या राज्यघटनेने १६ भाषा मान्य केल्या आहेत. शोना सर्वांत मोठी, मग न्देबेले, शिवाय कलांगा, टोंगा, व्हेंडा, न्दाऊ आणि इतर. मी त्सोलोत्सो भागातल्या एका न्देबेले बाईंकडे शोना बोलणारी दुभाषी घेऊन गेले. दुभाषी चांगली मुलगी होती, तिचा काही दोष नाही. बाईंनी आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली, हवापाण्याचं बोलल्या आणि तासाभराने म्हणाल्या, मला काही आठवत नाही.

१९८३ ते १९८७ या काळात मॅटाबेलेलँडमध्ये, म्हणजे न्देबेले लोकांच्या प्रदेशात, सरकारच्या पाचव्या ब्रिगेडने गावंच्या गावं भरडून काढली. मारले गेलेल्यांचा अंदाज २० हजारांपर्यंत जातो, बहुतेक साधे न्देबेले गावकरी. त्या मोहिमेला नाव दिलं होतं ‘गुकुराहुंदी’. हा शोना शब्द आहे, मळणीचा कोंडा वाहून नेणारा पहिला पाऊस, असा त्याचा अर्थ. सैनिक शोना बोलत होते. पुढे बरीच वर्षं यावर उघड बोलणंही धोक्याचं होतं. आणि मी त्या बाईंच्या घरात शोना आवाज घेऊन गेले होते.

वर्षभराने त्यांच्या पुतणीने मला बोलावलं. न्देबेलेत, फक्त पुतणीसमोर, मी स्वयंपाकघरात बसलेली, असं दोन तास चाललं. शेवटी त्या म्हणाल्या की हे माझ्या हयातीत कुणी ऐकायचं नाही. ते रेकॉर्डिंग आज बंद पाकिटात आहे, वर तशी सूचना आहे, आणि मी स्वतःही त्याचा अनुवाद वाचलेला नाही. तुमच्या गटात आडनाव न्द्लोवू (हत्ती), न्याथी (म्हैस, म्हणजे जंगली), सिबांदा (सिंह), दुबे (झेब्रा), न्कुबे, खुमालो असं असेल तर बहुधा न्देबेले किंवा त्या प्रदेशातलं घर आहे. त्यांच्यात कुळाचं नाव हेच आडनाव होतं. अशा वेळी मुलाखत कोण घेणार हे आधी त्यांनाच ठरवू द्या. त्यांच्या भाषेत जीभ टाळूवर आपटून काढायचे ध्वनी आहेत, ते आपल्याला जमत नाहीत, प्रयत्नही मुलाखतीत करू नका.

ज्यांच्या बाबतीत असा भार नाही त्यांच्याकडे गोष्ट सांगायच्या स्वतःच्या जागा असतात, त्या शोधा. कुणी वारलं की काही दिवसांनी ‘न्यारद्झो’ होतो, सांत्वनाची सभा. गावाकडच्या अंत्यविधीत घरच्या सुना मेलेल्या माणसाचे कपडे घालून त्याची चाल, त्याचं बोलणं, त्याची रागवायची पद्धत करून दाखवतात. ‘साह्विरा’ म्हणजे घराण्याचा मानलेला मित्र, त्याला मृताबद्दल खरं ते बोलायची मुभा असते, चेष्टासुद्धा चालते, आणि रडणारे लोक मधेच हसतात. इंग्लंडमधल्या हॉलमध्ये हे थोडं आखडतं, पण होतं. घरच्यांनी परवानगी दिली तर तो आवाज नोंदवा. माणूस चालायचा कसा, हाक कशी मारायचा, हे मुलाखतीत कुणी सांगत नाही.

तसंच ‘न्गानो’, रात्रीच्या गोष्टी. सांगणारी म्हणते “पायवापो”, म्हणजे एक होता, आणि ऐकणारे प्रत्येक वाक्यामागे “द्झेप्फुंदे” म्हणतात. सशाने माकडाला कसं फसवलं वगैरे. ही गोष्ट एकट्या बाईला माइकसमोर बसवून रेकॉर्ड करू नका. तिला तो ‘द्झेप्फुंदे’ लागतो, तो आला नाही की ती चार वाक्यांत गुंडाळते. पाच-सहा मुलं समोर बसवा, संध्याकाळी बसवा (दिवसा न्गानो सांगू नये असं जुनी माणसं मानतात) आणि हुंकार मुलांना शिकवा. आपल्याकडे कीर्तनात मागे टाळकरी नसले तर बुवांचं काय होईल, तसंच हे.

वस्तूंकडे वळू. तुमच्या मैत्रिणींपैकी प्रत्येकीने कधी ना कधी निळा ड्रम भरलेला असणार, तो मोठा प्लॅस्टिकचा, जहाजाने हरारेला किंवा बुलावायोला जातो तो. २००८ मध्ये तिथे महागाई अशी वाढली की जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटी डॉलरची एकच नोट छापली गेली आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. इथल्या बायका रात्रपाळ्या करून ड्रम भरत होत्या. एका बाईंनी मला एक शाळेची वही दाखवली. प्रत्येक ड्रमचं एक पान: तेल, साखर, मीठ, तांदूळ, कपडे धुण्याचा साबण, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, भावाच्या पोराचे शाळेचे बूट, नंबर चार. समासात कुणाला काय द्यायचं त्याची आद्याक्षरं. काही पानांवर एखादं आद्याक्षर खोडलेलं होतं. मी त्याबद्दल विचारलं, आणि मग त्यांनी एकेका अक्षराचं माणूस सांगितलं. त्या वर्षी तिथे कॉलराही होता. अशी वही कुणाकडे असेल तर तिचा पानन् पान फोटो काढा, आणि फोटो काढताना त्या बाईंना एकेका पानावर बोलू द्या.

पहिल्या नोकरीबद्दल तुम्हीच सर्वांत चांगलं विचारू शकाल, कारण काम तुम्हालाही माहीत आहे. शाळेत मुख्याध्यापिका असलेली, बँकेत बसणारी बाई इथे आल्यावर म्हाताऱ्यांची अंघोळ-शी-शू काढू लागली. या कामाला त्या आपसात एक कडवट नाव वापरतात, ‘बीबीसी’: ब्रिटिश बॉटम क्लीनर्स. त्या बोलल्या तर नोंदवा, तुम्ही प्रश्नात आणू नका. अलीकडे २०२२ पासून केअरच्या व्हिसावर आलेल्या नव्या मुलीही असतील. त्या वर्षांत या व्हिसावर सर्वांत जास्त माणसं भारत, नायजेरिया आणि झिम्बाब्वेतूनच आली. त्यांची नोकरी आणि राहण्याचा हक्क मालकाच्या हातात असतो, म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग करायचं झालं तर नाव आणि कामाची जागा आधीच वगळा. ज्यांचा आश्रयाचा किंवा परवान्याचा अर्ज अजून चालू आहे त्यांचं तर आता करूच नका. थांबा.

जुने फोटो आणि दाखले लावताना गावांच्या नावांचा घोळ होतो. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १९८२ मध्ये सॅलिस्बरीचं हरारे झालं. तसंच उमतालीचं मुतारे, फोर्ट व्हिक्टोरियाचं मास्विंगो, ग्वेलोचं ग्वेरू, वांकीचं ह्वांगे. साठीच्या बाईच्या जन्मदाखल्यावर जुनं नाव असेल आणि बोलण्यात नवं येईल. नोंदीत दोन्ही लिहा. बापाच्या पिढीतल्या पुरुषांचा ‘सितुपा’ असेल तर जपून ठेवा. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या पुरुषांना सतत जवळ बाळगावं लागणारं ते ओळखपत्र होतं.

आता फोन. विमान मोडवर टाका. रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात डब्ल्यूएव्ही फाइल बनते, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ब्लाऊजला लावायचा छोटा तारेचा माइक घ्या, त्याने फोनच्या माइकपेक्षा कितीतरी चांगलं येतं. फ्रिज बंद करा, आणि जाताना परत चालू करायचं विसरू नका. रेकॉर्डिंगची पातळी थोडी कमी ठेवा, टाळी आली की काटा वर जातो. माझ्या एका रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या आणि ‘हं’ हे हुंकार ध्वनी साफ करणाऱ्याने नको असलेला गोंगाट समजून काढून टाकले होते. मूळ फाइल होती म्हणून वाचले. मूळ फाइल कधीच कापू नका, कापायची ती नक्कल. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते लहान होऊन येतात. पूर्ण लेखी प्रत करायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. एका तासाच्या बोलण्याला सहा-आठ तास लागतात आणि दोन भाषा असतील तर विचारूच नका. दर पाच मिनिटांनी काय बोललं त्याची इंग्रजीत दोन ओळींची नोंद करा, त्यात माणसांची आणि गावांची नावं नीट लिहा. पुढे शोधणाऱ्याला तीच लागते.

संमतीची सही दोनदा घ्या. पहिली रेकॉर्डिंगच्या आधी. दुसरी त्यांनी स्वतः ऐकल्यावर, आणि मधे निदान पंधरा दिवस जाऊ द्या. घरी जाऊन विचार केल्यावर “नवऱ्याच्या भावाचं ते काढून टाक” असं बऱ्याच जणी म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. ब्रिटनच्या कायद्यात बोललेल्या शब्दांचा कॉपीराइट बोलणाऱ्याचा असतो, तुमचा किंवा चर्चचा नाही. म्हणून कागदावर स्पष्ट लिहा: कुटुंबाने ऐकावं, ग्रंथालयात ऐकावं, की इंटरनेटवरही चालेल, आणि बंद ठेवायचं तर किती वर्षं. हा कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. सरकारी फॉर्मवर बरंच काही भोगलेल्या बायका आहेत, सही म्हटलं की त्या दचकतात किंवा न वाचता करून टाकतात. दोन्ही वाईट.

ठेवायचं कुठे? तीन प्रती करा: एक चर्चकडे, एक कुटुंबाकडे, एक अभिलेखागारात. लेस्टरला तुमचं नशीब चांगलं आहे. विगस्टनला लेस्टरशायरचं रेकॉर्ड ऑफिस आहे, आणि लेस्टर विद्यापीठात ईस्ट मिडलंड्सचा मौखिक इतिहासाचा संग्रह आहे. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच त्यांच्याशी बोला, म्हणजे संमतीचा मजकूर आणि फाइलचा प्रकार त्यांना चालेल असा ठेवता येतो. फक्त इंटरनेटवर किंवा एकाच मोठ्या संस्थेत ठेवून निर्धास्त होऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली ध्वनिमुद्रणं लोकांना फार काळ ऐकता आली नाहीत. हरारेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही एखादी प्रत द्यावी असं काहींना वाटतं, ते योग्यच आहे, पण गुकुराहुंदी किंवा राजकारणातली मारहाण ज्यात आहे ती रेकॉर्डिंग तिकडे पाठवायची की नाही हे सांगणाऱ्यानेच ठरवावं. पैशांसाठी राष्ट्रीय लॉटरीचा हेरिटेज फंड आहे. अर्ज चर्चमंडळाच्या नावाने करा, तुमच्या नावाने नको.

आता त्या मुलांबद्दल, ज्यांना आईचं गाव सापडलं नाही. ते अजून सापडेल. खेड्याचा पत्ता तिथे रस्त्याच्या नावाने सांगत नाहीत. जिल्हा, मग मुखिया कोण, मग ‘सभुकु’ कोण. सभुकु म्हणजे गावाचा पाटील, शब्दशः ‘वहीवाला’, कारण घरांची नोंद त्याच्याकडे असायची. मग जवळची मिशन शाळा, जवळचा ‘ग्रोथ पॉइंट’, म्हणजे दुकानं-दवाखाना-बसथांबा असलेलं ठिकाण, आणि नदी. एवढं मिळालं की उपग्रह नकाशावर शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि तिथून घर शोधता येतं.

हे सगळं सांगू शकेल अशी बाई बहुधा हयात आहे: मुलांच्या आईची तेते, नाहीतर मुलांची स्वतःची. तिचा नंबर चर्चमधल्या कुणाकडे तरी असणारच. तिथे वीज वारंवार जाते, म्हणून आधी निरोप पाठवून ती फोन चार्ज करून बसेल अशी वेळ ठरवा. त्यांचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या इथल्यापेक्षा दोन तास पुढे असतं, उन्हाळ्यात एक. मुलांना फोन स्पीकरवर लावू द्या, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात तिला आधी सांगून. मुलांनी आधी नमस्काराचं ते वाक्य म्हणावं, टाळी वाजवून. मग आईचं मुतुपो आणि चिदावो विचारावं, मग सभुकुचं नाव, मग शाळा, मग नदी. या म्हाताऱ्या सत्तरी-ऐंशीच्या आहेत, तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग हेच करा आणि याच आठवड्यात करा. चर्चमधल्या बायकांची बैठक पुढच्या महिन्यात ठेवली तरी चालेल.